अडवलेल्या पाण्याचा आकडा

कोल्हापूरहून परत आलो तेव्हा पिशवीत गूळ नव्हता, चपला नव्हत्या, साज तर नव्हताच. त्यावरून घरात जी बोलणी बसायची ती बसली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग गेला होतात कशाला?" मी 'कामाला' एवढंच म्हणालो. मला थोडक्यात उत्तरं द्यायची सवय आहे. बायको म्हणते, याला सवय नाही म्हणत, लपणं म्हणतात. तिचं खरं आहे. म्हणून हे लिहायला बसलो. जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांना पंचगंगा दिसावी, हेही आहेच.

काम असं होतं. मी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासणारा माणूस. नदी किती सोसू शकेल त्याचे आकडे काढणं हा माझा धंदा. घाण म्हणजे काळं, वास मारणारं पाणी असं आपल्याला वाटतं. पण नदीला मारणारी एक वस्तू दिसत नाही आणि तिला वासही नसतो. ती म्हणजे खत. शेतकऱ्याच्या तोंडी असतं तेच नत्र आणि स्फुरद. उसाला जे मानवतं ते शेवाळालाही मानवतं. गावाच्या गटारातून, कपडे धुवायच्या पावडरीतून, कारखान्याच्या सांडपाण्यातून, रानातल्या पाटातून ते नदीत उतरतं. नदी हिरवी होते. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि उजाडताना मासे तोंडं वर काढून तडफडतात. म्हणून किती नत्र, किती स्फुरद नदीत येऊ द्यायचं याची एक मर्यादा घालावी लागते. पंचगंगेला ती सात-आठ वर्षांपूर्वी घातली होती, आणि ती माझ्या आकड्यावरून घातली होती.

आता ती नव्यानं घालायला समिती बसली होती. शनिवारी कोल्हापुरात बैठक होती, आणि त्याआधी नदीकाठानं फिरून मी नमुने घ्यायचे होते. काठावरच्या एका कारखान्यानं आधीच कळवलं होतं की जुना आकडा शास्त्रीय आहे, आम्ही त्याच्या आतच आहोत, बदलायचं कारण काय? कारण होतं. ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो नाशिकहून लाल गाडीत बसून, खिडकीशी डोकं टेकून, झोपेचं सोंग घेत येत होता.

कोल्हापूर

स्टँडवर जीप घेऊन दस्तगीर उभा होता. मागच्या खेपेलाही तोच ड्रायव्हर होता. मी ओळखायच्या आधी त्यानं ओळखलं.

"सायेब! तुमीच की व्हय! केस कुठं ठेवून आलासा?"

आमच्या नाशकात ओळखीचा माणूससुद्धा आधी 'बरे आहात ना' म्हणतो. इथं आधी टोमणा, मग पिशवी हातातून हिसकावून घेणं, आणि मग 'बरं हाय न्हवं?' पण तो प्रश्न मात्र उत्तर ऐकायला विचारलेला असतो.

लॉजवर न नेता त्यानं मला गंगावेशीत नेलं. संध्याकाळी तिथं रस्त्यावर म्हशी आणून बांधतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. आम्ही दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावत नाही असं मी सांगायला गेलो, तर म्हशीचा मालक म्हणाला, "पावणं, तापल्यालंच हाय की. म्हशीच्या पोटात काय बरफ असतोय?" आजूबाजूचे हसले. मी पेला रिकामा केला, दस्तगीरनं लगेच दुसरा धरला, आणि पैसे द्यायला गेलो तर माझा हात खिशातच दाबून ठेवला. पहाटे पोटानं त्याची किंमत वसूल केली, पण ते सोडा. ती चव अजून जिभेवर आहे.

बंधारा

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पंचगंगेला बंधारे बरेच आहेत, त्यांतलाच एक समजा.

कोल्हापूरचा बंधारा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीत दगडी खांबांची ओळ असते. पावसाळ्यात खांबांमधली सगळी दारं मोकळी, नदी सुसाट. पाऊस मागं हटला की गावकरी त्या दारांत लाकडी फळ्या एकावर एक बसवतात, मधे माती कोंबतात. या फळ्यांना बरगे म्हणतात. मग पाणी अडतं, मागं मैलोगणती साठतं, मोटारी लागतात, ऊस उभा राहतो. मृगाच्या तोंडावर बरगे पुन्हा काढायचे. असे बंधारे गावोगाव. म्हणजे वर्षातला बराच काळ पंचगंगा ही नदी नसतेच. एकाखाली एक लावलेली तळी असतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कागदावर मात्र नदी बारा महिने वाहते.

जीप बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबली, कारण रस्ता तिथंच येतो. बरग्यांवरून पाणी उडी घेत होतं, दगडावर फुटून पांढरं होत होतं. दिसायला सुरेख, हाताला गार. मी बाटल्या काढल्या.

"तवाबी हितंच आलतो की," दस्तगीर म्हणाला. "तुमी तवा वरनंबी एक बाटली भरून आणलासा, आन् हितं दगडावर वतलासा. मी म्हणलो, रिकामी झाली तर मला द्या, पोरगी शाळंला पाणी न्हील. तर गपकन पिशवीत घातलासा! घरी जाऊन बायकूला म्हणलो, नाशकातली माणसं लई चिक्कू असत्यात बग."

तो खदाखदा हसला. माझे पाय त्या दगडावरच होते.

ते असं झालं होतं. आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात मी इथं आलो. खालून नमुने घेतले. नत्र, स्फुरद बऱ्यापैकी होतं तरी पाणी नितळ, प्राणवायू भरपूर. म्हणजे एवढं खत नदी सहज सोसते असा निष्कर्ष निघत होता. मग सहज बंधाऱ्यावर चढलो. वरचं पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं होतं. बाटली भरली, हातात धरून उन्हात बघितली. ती प्रयोगशाळेत गेली असती तर अख्खा उन्हाळा दर पंधरवड्याला यावं लागलं असतं, कारण अडवलेल्या पाण्याचा हिशेबच वेगळा. पडत्या पाण्याला वारा मिळतो, साठल्या पाण्याला नाही. मी ती बाटली ओतली. पडत्या पाण्यावरून काढलेला आकडा सगळ्या नदीला लावला.

कुणी दाब आणला असता, पाकीट दिलं असतं, तर आज सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. मला संध्याकाळची नाशिकची गाडी गाठायची होती, आणि अहवाल लवकर गेला तर बढतीच्या यादीत नाव लागणार होतं. दोन्ही गोष्टी झाल्या.

"दस्तगीर," मी म्हणालो, "ती बाटली चिक्कूपणानं नव्हती ठेवली."

आणि हे सगळं मी त्याला सांगितलं. कुणाला सांगितलं असेल तर पहिल्यांदा त्यालाच. त्यानं बिडी पेटवली, ओढली, विझवून कानामागं ठेवली.

"मंजी मीबी त्यात हाय की," तो म्हणाला. "जीप मीच हितं लावलतो." मग जीपमधली मोकळी खोकी उचलून बंधाऱ्याकडे निघाला. "चला, आता वरनं घिऊया. का परत गाडीचा टाइम झाला?"

डोह

वर केंदाळ होतं. आपण जलपर्णी म्हणतो ते. निळी फुलं आलेली, लांबून एखाद्या बागेसारखं. पाणी असं दिसतच नव्हतं. त्याच्यात एक वाट पाडून एक बाई होडी रेटत होती. शेवंताबाई. भोयाची. नवरा दम्यानं घरी, म्हणून जाळं हिच्याकडे. दस्तगीरनं हाक मारली, "ए आक्का, सायबास्नी पाणी भरायचं हाय, जरा आत घिऊन जा की!"

"सायेब वजनाला किती हाय?" तिनं तिकडून विचारलं. "बुडाला तर मी काढायची न्हाय."

होडीत बसलो. इथल्या बायका 'मी गेलो, मी आलो' असं पुरुषासारखं बोलतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण ती जे सांगत होती त्यात गंमत नव्हती. बंधाऱ्याच्या वर नदी वळते तिथं मोठा डोह आहे. तिच्या सासऱ्यापासून त्यांचं घर त्या डोहावर जगलं.

"मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात सकाळी जाळं घिऊन आलो," ती म्हणाली, "तर समदं पांढरं. मला वाटलं कुणी कापूस टाकला जनू. मासं हुतं. वांब, मरळ, शिंगाडा, बोटाएवढं पिल्लूसुदीक. मी मटकन बसलो हितंच. तवापास्नं जाळं टाकतो, केंदाळ काढतो, घरला जातो."

मी त्या बातमीचं कात्रण ऑफिसात वाचलं होतं. वाचून घडी घातली होती. आणि त्या बाईच्या होडीत बसून बाटल्या भरताना मला ते बोलल्यावाचून राहवेना. मर्यादा कशी घातली, कुणी घातली, वरचं पाणी कुणी ओतलं, सगळं बोललो. ती वल्हं हातात धरून ऐकत होती. बोलून झाल्यावर मला वाटलं ती शिव्या देईल, आणि देईल तर बरंच.

"ह्ये मला कशाला सांगतासा?" ती म्हणाली. "मला सांगून मासं जित्तं हुत्यात व्हय? जितं मिटिंग हाय तितं सांगा. हितं रडायला मी हाय की, तुमची काय गरज न्हाय."

आणि होडी काठाला लावली.

दादगोंडांच्या घरी

बंधाऱ्याचे बरगे कधी घालायचे, कधी काढायचे, हे ज्यांच्या शब्दावर चालतं ते दादगोंडा पाटील. गावच्या पाणीपुरवठा मंडळाचे म्होरके, जैन, घरचा ऊस. शनिवारच्या बैठकीला शेतकऱ्यांच्या वतीनं तेच येणार होते. त्यांनी मला मुक्कामालाच ठेवून घेतलं.

दिवस मावळायच्या आत जेवण, हा त्यांच्या घरचा नेम. आम्ही नऊच्या बातम्या ऐकून पानावर बसणारी माणसं. ऊन अजून भिंतीवर असताना ताट आलं तेव्हा भूक नाही म्हणायची सोय नव्हती. ज्वारीची भाकरी, तुरीची घट्ट आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, घट्ट दही, आणि कांदा-लसूण नसताना एवढी चव कुठून आली हे कळेना. दादगोंडांच्या आई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, समोर बसून वाढायला सांगत होत्या. "वाढ गं अजून, पावणा लाजतोय. नाशकात काय भाकरी मोजून देत्यात काय?"

जेवता जेवता दादगोंडा उसाबद्दल बोलत होते. युरिया किती टाकतो, शेजारी किती टाकतो, आणि शेजाऱ्यापेक्षा एक पोतं जास्तच कसं टाकावं लागतं.

"ते पाण्याबरोबर वाहून जात असेल ना थोडं?" मी विचारलं.

"जातंय की! पर जातंय कुठं? नदीलाच. आन् नदीचं पाणी परत आमच्याच मोटारीत. वाया काय बी जात न्हाय, सायेब." ते स्वतःच्या हिशेबावर खूश होऊन हसले. "कारखान्याला तेवढं सोडू नका. त्येनी नदीची वाट लावली."

मला तिथंच म्हणायला हवं होतं की दादगोंडा, तुमचा पाटही त्यात आहे. पण अव्वांनी तेवढ्यात ताटात दही वाढलं. मी दही खाल्लं.

नरसोबाची वाडी

शुक्रवारी वाडीला गेलो. इथं पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणजे माझा शेवटचा नमुना. घाटावरून दोन्ही पाण्यांमधली रेघ दिसते. कृष्णा जरा गढूळ, आणि तिला चिकटून आलेली पंचगंगा हिरवट. काही अंतरावर रेघ पुसून जाते. पावसाळ्यात नदी चढते, थेट दत्ताच्या पादुकांवरून वाहते, आणि लोक देऊळ बुडालं म्हणून हळहळत नाहीत, त्या पाण्यात स्नान करायला गावोगावहून धावतात. आमच्या गोदेला पूर आला की आम्ही माल वर हलवतो. इथं लोक पुरात उतरतात. नदीवर एवढा भरवसा टाकणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ घातलं. त्या पाण्यात काय काय आहे ते माझ्याइतकं त्या घाटावर कुणाला माहीत नव्हतं. शेजारी एक म्हातारी तीर्थ पिऊन ओला हात डोळ्यांना लावत होती. मीही प्यालो. भक्तीनं प्यालो असं म्हणणार नाही. तिला ते पिऊ द्यायचं आणि आपण हात झटकायचा, हे जमेना.

नंतर बाहेर बासुंदी खाल्ली. दस्तगीरनं कवठाची बर्फी बांधून घेतली, बायकोसाठी. "तिला सांगतो, सायेब चिक्कू न्हवतं," तो म्हणाला. "दुसरंच कायतरी हुतं."

शनिवार

बैठक एका लांबट हॉलमध्ये झाली. पंखे फिरत होते आणि कुणाचे कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं पेपरवेट म्हणून काहीतरी ठेवलं होतं. अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते. कारखान्याच्या वतीनं मुंबईचा एक तरुण सल्लागार आला होता, बोलायला फार नम्र. मला त्याचा राग आला नाही, अजूनही येत नाही. त्यानं जे समोर होतं ते वाचलं.

"मर्यादा कडक करायला आधार हवा," तो म्हणाला. "आहे तो आकडा कुलथे साहेबांचा. ते इथंच बसलेत. त्यांनाच विचारूया, चुकीचा आहे का?"

सगळे माझ्याकडे वळले. अजूनही सोपी वाट होती. परिस्थिती बदलली आहे, पुन्हा अभ्यास व्हावा, असं म्हणून बसता आलं असतं. सरकारी भाषेत याला चूक म्हणत नाहीत.

मी उभा राहिलो. "चुकीचा आहे," म्हणालो. "तेव्हाही होता. मी बंधाऱ्याखालचं पडतं पाणी मोजलं. वरचं हिरवं पाणी बाटलीत भरलं होतं, ते ओतून टाकलं. ज्या नदीसाठी हा आकडा काढला ती नदी बरगे बसले की उरत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"गाडी चुकली असती," मी म्हणालो.

कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. दुसरं कारण नव्हतंच.

मग ताज्या नमुन्यांचं सांगितलं. अडवलेल्या पाण्याला नत्र-स्फुरदाची मर्यादा पडत्या पाण्यापेक्षा खूपच खाली असली पाहिजे. आणि ते येतं कुठून तेही सांगितलं. गटारं, कारखाना, आणि उसाचे पाट.

दादगोंडा खुर्ची सरकवून उठले. "परवा माझ्या घरात जेवलासा. तवा ह्ये बोलला न्हाईसा?"

"नाही बोललो. जेवण फार चांगलं होतं."

"मग आज कशाला बोललासा?"

त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते आता निघून जाणार असं वाटलं.

तेवढ्यात एका अधिकाऱ्यानं तांत्रिक अडचण काढली. कडक मर्यादा कधीपासून कधीपर्यंत लागू, त्याच्या तारखा हव्यात. ऑक्टोबर ते मे धरूया का?

"बरगं क्यालेंडर बघून घालत्यात व्हय?" दादगोंडा त्याच्यावर कडाडले. मला द्यायचा राग त्याला मिळाला. "पाऊस मागं हटला की घालतो. कधी नवरात्रात, कधी दिवाळीत. तुमी तारीख लिहिलासा आन् पाणी त्याआधीच अडलं, तर मधल्या दिवसात कुणीबी कायबी सोडंल!"

"मग लिहायचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

दादगोंडा उभेच होते. हॉलमध्ये फक्त त्यांनाच याचं उत्तर देता येणार होतं, आणि ते दिलं तर त्यांचा स्वतःचा पाटही त्याच उत्तरात सापडणार होता. हे त्यांना कळलेलं मला दिसलं.

"लिवा," ते म्हणाले. "बरगं घातल्यापास्नं बरगं काढंपातूर. ज्या दिशी घालीन त्या दिशी सांगावा धाडीन. दुसऱ्या गावांस्नीबी सांगतो. पर आमचा पाट मोजायचा आसंल तर कारखाना, गटार, समदं त्याच दिशी मोजायचं. आमचं आधी आन् त्येंचं सवडीनं, असं चालायचं न्हाय."

तसंच लिहिलं गेलं. अडवलेल्या पाण्याला जुना आकडा लागू नाही. येता उन्हाळाभर बंधाऱ्याच्या वर नमुने घ्यायचे आणि त्यावरून नवी मर्यादा. तोवर कारखान्यानं आणि नगरपालिकेनं बरगे असताना सोडायचं पाणी कमी करायचं. किती, यावर पुढं तासभर भांडण झालं आणि नम्र सल्लागारानं बरंच कारखान्याकडे ओढून घेतलं. नवा आकडा काढायच्या कामातून मला वगळलं, आणि माझ्या जुन्या अहवालाची चौकशी लागली. दोन्ही योग्यच झालं. तेव्हा मिळालेली बढती आता राहते की जाते सांगता येत नाही, हे बायकोला आधीच सांगून ठेवलं आहे.

बाहेर पडताना दादगोंडा जिन्यात थांबले होते. मला वाटलं आता खरं बोलणं बसणार. "अव्वाला सांगू का, पावणा खाल्ल्या मिठाला जागला न्हाय म्हणून?" ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथंच होता, आणि मग जिना उतरून गेले.

कोल्हापूरनं मला काय दिलं हे घरी सांगता येत नाही, पिशवीतून काढून दाखवता येत नाही. मी ज्यांचं नुकसान केलं त्यांनी मला दूध पाजलं, भाकरी वाढली, आपल्या होडीतून फिरवलं, आणि माझं रडगाणं ऐकत न बसता मला नेमक्या दारात नेऊन उभं केलं. हे ऋण आहे आणि ते फिटावं असं मला वाटत नाही.

निघायच्या आधी दस्तगीरला म्हटलं, एकदा डोहावर जाऊ. शेवंताबाई काठावर केंदाळ ओढून टाकत होती, कोपरापर्यंत हिरवी. काय झालं ते सांगितलं. लगेच काही होणार नाही हेही सांगितलं. एक उन्हाळा मोजण्यात जाईल, मासे परत यायला किती काळ लागेल, की येणारच नाहीत, मला सांगता येत नाही.

तिनं हात नदीत धुतले, लुगड्याला पुसले. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्होरल्या उन्हाळ्यात जेवायला या," ती म्हणाली. "मासं घावलं तर मासं. न्हाय घावलं तर पिठलं. पर या."